ट्रेलर ओढायला डिझेलच का? एका 'त्यामुळे'चा शोध

माणमध्ये माझी खोली रस्त्याला लागून आहे. हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा फेज याच गावाच्या हद्दीत येतो, म्हणून रात्री उशिरा खिडकीखालून सिमेंटचे मिक्सर, खडीचे डंपर आणि गर्डर वाहणारे लांबलचक ट्रेलर जात असतात. उसाचा हंगाम सुरू झाला की त्यात भर पडते ती कासारसाईच्या साखर कारखान्याच्या वाटेवरच्या ट्रॅक्टरांची, एकेकामागं दोन दोन ट्रॉल्या. हे सगळं डिझेलवर चालतं. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं.

खालच्या गाळ्यात मंडप-डेकोरेशनचं सामान ठेवणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे जनरेटर बसवलेला एक छोटा ट्रेलर आहे. तो ओढणारी त्यांची जुनी जीप मागच्या वर्षी भंगारात गेली. एका संध्याकाळी त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "ताई, तुम्ही इंजिनावर पीएचडी करताय ना? मग सांगा, ट्रेलर ओढायला डिझेल घेऊ का पेट्रोल?"

मी इंजिनावर पीएचडी करत नाही. एमएस्सी भौतिकशास्त्रात झाली, आणि आता विषय आहे तंत्रज्ञानाचा इतिहास: महाराष्ट्रातली मालवाहतूक पेट्रोलवरून डिझेलवर कशी गेली. पण काकांना हे समजावत बसण्यापेक्षा मी झटकन उत्तर दिलं. "डिझेल घ्या. डिझेलला ओढ जास्त असते."

हेच वाक्य, जरा शुद्ध मराठीत, माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या पानावर होतं. "डिझेल इंजिनाची ओढण्याची क्षमता अधिक असते, त्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळात मालवाहतूक डिझेलवर गेली." गाइडनी बाकीचं पान वाचलंच नाही. 'त्यामुळे' या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि समासात दोन प्रश्न लिहिले: "कोणत्या वेगाला? हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्या दोन प्रश्नांनी माझे सहा महिने घेतले. तुमच्यापैकी जे आत्ता पेटच्या मुलाखतीसाठी विषय शोधताहेत त्यांनी हे सहा महिने वाचून घ्यावेत म्हणून ही पोस्ट.

पहिला प्रश्न भौतिकशास्त्राचा, तो आधी.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप घेऊ. 2.2 लिटरचं पेट्रोल इंजिन, 60 अश्वशक्ती, आणि सुमारे 2000 फेऱ्यांना 142 न्यूटन-मीटर टॉर्क. आजच्या कुठल्याही डिझेल पिकअपसमोर हा आकडा केविलवाणा आहे. पण टॉर्क इंजिनातून थेट चाकाला जात नाही, मध्ये गिअर असतात. पहिला गिअर, लो रेंज आणि मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर यांचा गुणाकार केला तर सुमारे 25 येतो. म्हणजे चाकाशी 3,500 न्यूटन-मीटरच्या आसपास. टायरची त्रिज्या साधारण 36 सेंटिमीटर. भागाकार केला आणि घर्षणात जाणारं थोडं वजा केलं तर जीप रस्त्याला जवळपास 9,000 न्यूटनांनी मागं ढकलू शकते.

आता 10 ला 1 असा चांगलाच खडा चढ धरू. जीप 1,100 किलो, मागं भरलेला ट्रेलर 1,000 किलो. गुरुत्वाकर्षण आणि टायरचा रोध मिळून लागतात सुमारे 2,400 न्यूटन. हातात आहेत 9,000! आणि खरी गंमत पुढं आहे: 1,100 किलोच्या जीपचे टायर कच्च्या रस्त्यावर फार तर साडेसहा हजार न्यूटनांपर्यंत पकड धरतील. म्हणजे इंजिन कमी पडण्याच्या कितीतरी आधी टायर जागेवर फिरायला लागतील. ओढ कमी पडतेय ती रबराची, पेट्रोलची नाही.

मग गाइडचा प्रश्न: कोणत्या वेगाला? ताशी 10 किलोमीटर. लो गिअरमध्ये 2000 फेऱ्यांवर विलीज एवढ्याच वेगानं चालते. जास्त वेग हवा तर गिअर बदलायचा, गिअर बदलला की चाकाशी येणारं बल कमी. चढावर ओझं किती वेगानं न्यायचं हे शेवटी अश्वशक्ती ठरवते, आणि 60 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन 60 अश्वशक्तीच्या डिझेलइतकंच काम करतं. डिझेलचा टॉर्क कमी फेऱ्यांवर मिळतो, त्यामुळे गिअर कमी बदलावे लागतात, ड्रायव्हरचा हात आणि क्लच प्लेट दोन्ही कमी झिजतात. हा फायदा खराच आहे, पण तो सोयीचा आहे. 'पेट्रोलला ओढवत नाही' असं त्यातून सिद्ध होत नाही. झालंच तर महायुद्धात अमेरिकी सैन्यानं तोफा आणि रसद ओढली ती मुख्यतः पेट्रोलच्या गाड्यांनी.

(उतारावर तर पेट्रोल थोडं वरचढ ठरतं. पाय काढला की पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल बंद होतो, इंजिन निर्वात खेचत राहतं आणि गाडीला रोधतं. डिझेलला थ्रॉटल नसतो, म्हणून जड गाड्यांना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक द्यावा लागतो. मागं ट्रेलर ढकलत असताना घाट उतरणाऱ्याला हा फरक पुस्तकातून शिकवावा लागत नाही.)

ओढीत फरक नसेल तर तो कशात आहे? तेलात.

समजा ट्रक आणि ट्रेलर मिळून 10 टन वजन, कोकणातून ताम्हिणी चढून मुळशीकडे येतंय. 15 ला 1 चढ सलग 10 किलोमीटर आहे असं धरू. खरा घाट इतका सरळसोट नसतो, पण हिशोबाला चालेल. लागणारं बल सुमारे 8,000 न्यूटन, म्हणजे 10 किलोमीटरचं काम 80 मेगाज्यूल. ताशी 20 किलोमीटरनं चढायचं तर चाकाशी 60 अश्वशक्ती. इथपर्यंत इंधन कुठलं याचा काही संबंध नाही.

1940-50 च्या काळातलं पेट्रोल इंजिन दाब-गुणोत्तर साडेसहाच्या आसपास ठेवून चालायचं, त्याहून वाढवलं तर त्या काळच्या पेट्रोलवर ठोके पडायचे. डिझेल इंजिनात नुसती हवाच दाबली जाते, ठोक्याची ती अडचण नाही, म्हणून गुणोत्तर 16 ते 20. रुडॉल्फ डिझेलनं 1897 साली आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं त्याची कार्यक्षमता तेव्हाच सुमारे 26 टक्के होती. पेट्रोलला 25 टक्के आणि डिझेलला 33 टक्के असे ढोबळ आकडे धरले, आणि लिटरमागे पेट्रोलमध्ये 32 तर डिझेलमध्ये 36 मेगाज्यूल मोजले, तर त्या एका घाटाला पेट्रोल लागतं 10 लिटर, डिझेल पावणेसात. वीस लिटरच्या जागी साडेतेरा.

आणि हे भरल्या गाडीचं. ट्रेलरवाल्याचं अर्धं आयुष्य रिकामी गाडी परत आणण्यात जातं. रिकाम्या गाडीत पेट्रोल इंजिन अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून श्वास घेतं, म्हणजे तोंडावर हात ठेवून पळाल्यासारखं. त्या श्वासालाच इंधन जातं. डिझेलचं तोंड कायम उघडं असतं, तिथं फक्त तेलाची मात्रा कमी-जास्त होते. म्हणून परतीच्या रिकाम्या फेरीत दोन इंधनांतलं अंतर आणखी वाढतं. 'ओढ'वाल्या स्पष्टीकरणात ही रिकामी फेरी कुठंच येत नाही. एखादं स्पष्टीकरण अर्धी परिस्थिती बाहेर ठेवून चालत असेल तर त्याच्याकडे संशयानं बघावं, हे मला इथं पहिल्यांदा कळलं.

आता गाइडचा दुसरा प्रश्न: कुणी सांगितलं? म्हणजे त्या काळच्या गाडीमालकांनी खरंच ओढीकडे बघून डिझेल घेतलं का? आणि घेतलं तर इतक्या उशिरा का? बॉशनं इंजेक्शन पंपाचं उत्पादन 1927 साली सुरू केलं, 1930 च्या दशकात युरोपात डिझेल ट्रक धावत होते. भौतिकशास्त्र जर्मनीत आणि मुंबईत एकच असतं. मग मुंबई इलाख्यातल्या लॉऱ्या पेट्रोलवरच का राहिल्या?

पहिलं उत्तर साधं आहे: विकायला जे येत होतं तेच लोक घेत होते. जनरल मोटर्सनं 1928 साली मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या तयार करायचा कारखाना काढला. शेव्हरोले, फोर्ड, डॉज, सगळा अमेरिकी माल, आणि अमेरिकेत पेट्रोल स्वस्त. मागं युद्ध लागलं, पेट्रोलला रेशनिंग आलं, बस-लॉऱ्यांच्या पाठीवर कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या चढल्या. युद्ध संपल्यावर सैन्याच्या हजारो गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या, त्याही पेट्रोलच्याच. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली ती बेडफर्ड, आणि त्या काळच्या बेडफर्डला मूळचं इंजिन पेट्रोलचं असे. त्या पिढीतल्या माणसांशी बोललात तर पेट्रोल लॉरीची एक आठवण नक्की निघते: उन्हाळ्यात घाट चढताना पंपात पेट्रोलची वाफ धरायची, गाडी ठप्प, मग क्लीनर ओलं फडकं घेऊन पंपाला गुंडाळायचा.

दुसरं उत्तर मला अपेक्षित नव्हतं, आणि ते मिळालं कराच्या कागदांत. पुणे विद्यापीठात संशोधन करणारा प्रत्येक जण कधी ना कधी जयकर ग्रंथालयात बसलेला असतो. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, एवढं आपल्याला माहीत असतं. पण त्याच्या वीस वर्षं आधी, 1927 साली, देशातल्या रस्त्यांचं काय करायचं हे ठरवायला जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्षही हेच जयकर. समितीचं म्हणणं असं की रस्ते बांधायचा बोजा जिल्हा बोर्डांना पेलणारा नाही, जो मोटार चालवतो त्यानं इंधनावर जादा कर द्यावा आणि तो पैसा वेगळा ठेवून रस्त्यांवर खर्च करावा. त्यातून 1929 साली केंद्रीय रस्ते निधी निघाला आणि पेट्रोलवर गॅलनमागं 2 आणे जादा कर बसला.

पेट्रोलवर. तेव्हा मोटार म्हणजे पेट्रोल असंच समीकरण होतं, रस्त्यावर डिझेल गाड्या जवळपास नव्हत्याच. डिझेल हे पंपाचं, पिठाच्या गिरणीचं, तेलघाणीचं इंधन. साताऱ्याला कूपरचा कारखाना आणि पुढं 1946 पासून खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स जी इंजिनं बनवत होते ती शेतात आणि गिरणीत जागेवर उभी राहून चालणारी. जयकर समितीनं डिझेलला सवलत दिली असं म्हणणं चुकीचं ठरेल, तिच्या डोळ्यासमोर तो प्रश्नच नव्हता. पण एक सवय पडून गेली. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्याचं, म्हणजे ज्याला परवडतं त्याचं, त्याच्यावर कर लावायला हरकत नाही. डिझेल म्हणजे कामाचं इंधन, ते महाग करायचं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी ही विभागणी पुढं पक्की केली, आणि ती इतकी टिकली की माझ्या आईवडिलांच्या पिढीला ती निसर्गनियमच वाटायची.

आता वरच्या घाटाचा हिशोब परत बघा. साडेतेरा लिटर विरुद्ध वीस लिटर, हे भौतिकशास्त्रानं दिलं. त्यात स्वस्त लिटर विरुद्ध महाग लिटर हा करानं दिलेला गुणाकार घाला. पहिला आकडा निसर्गाचा आहे, दुसरा माणसांनी कागदावर लिहिलेला. गाडीमालकाला दिसतो तो फक्त गुणाकार.

तरीही नुसता हिशोब पुरला नाही, हे इथलं सगळ्यात रंजक प्रकरण. मालकाला डिझेल परवडतंय म्हणून डिझेल ट्रक आकाशातून पडत नाही. 1953 मध्ये सरकारनं धोरण ठरवलं: ज्यांना भारतातच टप्प्याटप्प्यानं पूर्ण गाडी बनवायची आहे त्यांनी राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी नको. जनरल मोटर्सनं शिवडीचा कारखाना 1954 ला बंद केला, फोर्डही गेली. त्याच 1954 मध्ये टाटांच्या टेल्कोनं डाइमलर-बेंझशी 15 वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघायला लागला, सहा सिलिंडरचं 4.6 लिटर डिझेल इंजिन घेऊन. दक्षिणेत लेलँडचा कॉमेट, तोही डिझेल. आणि बंगळूरला 1951 साली स्थापन झालेली मायको बॉशच्या तंत्रानं इंजेक्शनची सामग्री देशातच बनवायला लागली. माझ्या मते ट्रकपेक्षा हे मायको प्रकरण जास्त महत्त्वाचं आहे. डिझेल इंजिनाचा जीव पंप आणि नोझल यांत असतो, आणि नोझलची सफाई एका मायक्रॉनच्या आसपासची. तो भाग परदेशातून यायची वाट बघावी लागली असती तर घाटात बंद पडलेला ट्रक तिथंच गंजला असता.

म्हणजे पेट्रोलचे विक्रेते गेले आणि डिझेलचे आले, ते एका औद्योगिक धोरणामुळे, जवळपास एकाच वर्षी. कुर्ल्याच्या प्रीमिअरचं उदाहरण तर बोलकं आहे. क्रायस्लरशी करार करून ते डॉज आणि फार्गो ट्रक बनवत, मूळ पेट्रोलची गाडी. पुढं त्याच सांगाड्यात पर्किन्सचं पी-6 डिझेल बसवून ट्रक विकला गेला. सांगाडा तोच, चाकं तीच, वहन तेवढंच. कुणी ओढीसाठी ट्रक नव्यानं आखला नव्हता, बदललं ते फक्त तेलाचं बिल.

हाच प्रयोग वीस वर्षांनी जीपवर झाला, आणि तो काकांच्या ट्रेलरच्या जास्त जवळचा आहे. महिंद्रांनी 1949 पासून मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. शेतकी खातं, धरणाची कामं, पोलीस, निवडणुका, सगळीकडे पेट्रोल जीप आणि मागं कडी अडकवून छोटा ट्रेलर. पंचवीस वर्षं कुणी 'ही ओढत नाही' अशी तक्रार केली नाही. मग 1973 च्या ऑक्टोबरपासून चार-पाच महिन्यांत जगातलं कच्चं तेल पिंपाला 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या घरात गेलं, आपल्याकडे पेट्रोल कडाडलं आणि जीप एकाएकी परवडेनाशी झाली. महिंद्रांकडे उपाय घरातच होता. 1963 पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ते ट्रॅक्टर बनवत होते, त्या बी-275 ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन त्यांनी जीपमध्ये बसवलं. पुढं प्यूजोच्या परवान्यावरचं 2.1 लिटर डिझेल आलं. गावोगावच्या मेकॅनिकांनी तर कंपनीची वाटच पाहिली नाही, जुन्या पेट्रोल जीपमध्ये मिळेल ते डिझेल इंजिन बसवून दिलं. जीप थरथरायला लागली, बोलायचं तर ओरडावं लागे. डिझेल संपलं तर पाइपात हवा धरायची, मग हातपंप मारत एअर काढत बसायचं. लोकांनी हे सगळं मुकाट्यानं सोसलं.

'डिझेलला ओढ जास्त' हे वाक्य आपल्या बोलण्यात रुजलं ते याच काळात, असा माझा अंदाज आहे. गाडी बदलली किमतीमुळे, पण चालवताना जाणवली ती खालच्या फेऱ्यांवरची ओढ. कारण एक, अनुभव दुसरा. चाळीस वर्षांनी विचारलं की माणूस अनुभव सांगतो, कारण म्हणून. मुलाखती घेऊन इतिहास लिहिणाऱ्यांनी हे फार जपावं. सांगणारा खोटं बोलत नसतो, तो वेगळ्याच प्रश्नाचं खरं उत्तर देत असतो.

1980 च्या दशकापर्यंत निवड उरलीच नव्हती. टोयोटा, निस्सान, माझदा, मित्सुबिशी अशी जपानी नावं घेऊन हलके ट्रक भारतात आले, टाटांनी 1986 ला त्यांच्यासमोर 407 उभा केला, आणि यातलं प्रत्येक वाहन डिझेल. पेट्रोल ट्रक काढून बघावा असं कुणाला वाटलंही नाही.

इथं एका गोष्टीपाशी थांबायला हवं, कारण इंधनाच्या भावातलं अंतर हा फक्त हिशोबाचा विषय नाही. रेशनचं रॉकेल डिझेलपेक्षाही कितीतरी स्वस्त ठेवलं होतं, आणि रॉकेल डिझेलमध्ये मिसळलं तर इंजिन चालतं, निदान काही दिवस. त्या फरकावर एक अख्खा काळा धंदा उभा राहिला. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. भावाच्या तक्त्यातले आकडे मी तोवर नुसते कोष्टकात भरत होते. हे प्रकरण नव्यानं वाचल्यावर ते कोष्टक दोन दिवस उघडलं नाही.

माझा निष्कर्ष तपासायला मला असा एखादा देश हवा होता जिथं भौतिकशास्त्र तेच पण भाव उलटे. तो होता अमेरिका. तिथं पेट्रोल स्वस्त, आणि संघराज्याचा इंधनकर आजही पेट्रोलवर गॅलनमागं 18.4 सेंट तर डिझेलवर 24.4 सेंट, म्हणजे आपल्या बरोबर उलट. लांब पल्ल्याचे अवजड ट्रक तिथंही डिझेलवर गेले, कारण वर्षाला लाखभर मैल धावणाऱ्याला साडेतेरा विरुद्ध वीसचा फरक कुठल्याही भावात पुरतो. पण घोड्यांचा किंवा बोटीचा ट्रेलर ओढणारे पिकअप मात्र दशकानुदशकं पेट्रोलवर राहिले. डॉजच्या पिकअपला कमिन्सचं डिझेल इंजिन मिळालं ते थेट 1989 च्या मॉडेलला. ज्या कमिन्सनं 1962 मध्येच किर्लोस्करांबरोबर पुण्यात कोथरूडला बस्तान बसवलं होतं, तिला आपल्याच देशातल्या पिकअपमध्ये शिरायला इतकी वर्षं लागली. डिझेल का पेट्रोल हा वाद तिथले ट्रेलरवाले अजून घालतात. आपल्याकडे तो निकाली निघाला होता, कारण आपला निकाल करानं लावला होता.

होता म्हणते, कारण आता चित्र परत हलतंय. पेट्रोलचे भाव जून 2010 मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये. मधल्या चार वर्षांत अंतर इतकं वाढलं की लोक मोटारीसुद्धा डिझेलच्या घेत सुटले. नंतर ते आटलं. आज पुण्यात पेट्रोल शंभरीच्या वर आहे, डिझेल नव्वदीच्या आसपास. त्यात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. डिझेलच्या धुरातली काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं अडवायला जी उपकरणं लागतात ती महाग, आणि गाडी जितकी छोटी तितकी ती किमतीत जास्त टोचतात. टाटांचा छोटा हत्ती, म्हणजे एस, 2005 साली पुण्यात घडला तो 702 सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल घेऊन. बीएस-6 नंतर तो पेट्रोलमध्येही आला. मारुतीनं सुपर कॅरी 2016 ला डिझेलवर आणली होती, तिचं डिझेल बंदच केलं, आता पेट्रोल आणि सीएनजी. माझ्या आराखड्यातलं वाक्य खरं असतं तर हे व्हायला नको होतं. डिझेलची ओढ 2020 मध्ये काही कमी झाली नाही.

तर मी काकांकडे परत गेले, या वेळी वही घेऊन. वर्षाला किती किलोमीटर? लग्नसराई, गणपती, जत्रा धरून सहा हजार, त्यापेक्षा जास्त नाही, ते म्हणाले. ट्रेलरसकट पेट्रोलला लिटरमागं 12 आणि डिझेलला 16 किलोमीटर धरले, भाव 104 आणि 90 धरले, तर किलोमीटरमागं साधारण 3 रुपये वाचतात. डिझेल गाडी दीड लाखानं महाग पडते असं समजलं तर ते वसूल व्हायला 50 हजार किलोमीटर. सहा हजारांच्या हिशोबानं आठ वर्षं. ट्रेलर काय, जनरेटरचा, दोघंही ओढतील. मी म्हटलं, "काका, मागं चुकीचं सांगितलं. पेट्रोल घ्या, नाहीतर सीएनजी."

त्यांनी वही नीट वाचली. आकडे पटले, असं म्हणाले. मग विचारलं, "आणि रात्री दोनला मंडपात गाडी बंद पडली तर? आपला माणूस डिझेलचा आहे. आणि जनरेटर डिझेलवर, कॅन एकच लागतो."

जनरेटरचा कॅन माझ्या हिशोबात नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांनी आठ वर्षं वापरलेली डिझेल पिकअप घेतली. मागं कडी बसवून घ्यायला ते तिला भूमकर चौकाकडे घेऊन गेले तेव्हा मीही बरोबर गेले, आणि वेल्डिंग होईपर्यंत तिथल्या मेकॅनिकला विचारत बसले की त्यानं पहिलं डिझेल इंजिन कुठल्या पेट्रोल जीपमध्ये बसवलं होतं, आणि मालकानं तेव्हा कारण काय सांगितलं होतं.